पहिले चाक

माणसाच्या आयुष्यात पहिल्या वस्तूंचे खाते निराळे असते. पहिली पाटी, पहिली सायकल, पहिले शाईचे पेन, पहिले मनगटी घड्याळ. पुढे यांहून चांगल्या आणि महाग वस्तू हाताशी येतात. पण त्या माणूस आपल्या मर्जीने घेतो. पहिली वस्तू सारे घर मिळून घेत असते. बापाला तिची किंमत दिसते, आईला तिच्यापायी फुटलेले गुडघे दिसतात, आजीला मुहूर्त दिसतो. आणि ज्याच्यासाठी ती घ्यायची त्याला यांपैकी काहीच दिसत नाही, त्याला फक्त ती वस्तू दिसते. म्हणून पहिल्या वस्तूच्या निवडीत वस्तूचा विचार थोडा आणि माणसांचा जास्त होतो. घरातल्यांनी एकमेकांविषयी मनात काय धरून ठेवले आहे, ते त्या निमित्ताने बाहेर पडते.

यंदा आमच्या घराने मिळून एक चाक घेतले. मोटार नव्हे, बैलगाडी नव्हे, नुसते चाक. संगणकाच्या पडद्यावर मोटारींच्या शर्यती खेळायच्या, आणि त्या बोटांनी कळा दाबून नव्हे तर हातात स्टेअरिंग धरून, पायांखाली ब्रेक आणि क्लच घेऊन, असा हा प्रकार आहे. जाणकार त्याला सिम रेसिंग म्हणतात. ज्यांच्या घरी सोळा-सतरा वर्षांचा मुलगा आहे त्या वाचकांना हे ठाऊक असेल. ज्यांच्या घरी नाही त्यांनी थोडा धीर धरावा, मी सावकाश सांगणार आहे. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला ड्रॉइंग मास्तर. फावल्या वेळात कादंबऱ्या लिहितो, पण यंत्राशी माझी ओळख पेन्सिलला टोक काढण्यापुरतीच. या चाकाविषयी जे काही मला कळले ते भाच्याने शिकवले, आणि मास्तरालाच धडा देताना विद्यार्थ्याला जो आनंद होतो तो त्याने पुरेपूर लुटला.

हा भाचा शिक्षणासाठी चंद्रपूरला माझ्याकडे असतो. ताई आणि भाऊजी अहेरीला. १९८२ साली चंद्रपूर जिल्ह्यातून गडचिरोली वेगळा झाला, तेव्हापासून ताईचे सासर कागदोपत्री दुसऱ्या जिल्ह्यात गेले. पण रान तेच, धान तेच आणि पावसाळाही तोच. भाऊजींनी सव्वीस वर्षे एस.टी. चालवली. अहेरी-सिरोंचा, आलापल्ली-भामरागड या त्यांच्या पायाखालच्या, किंबहुना चाकाखालच्या वाटा. भामरागडच्या वेशीवर पर्लकोटेचा जुना ठेंगणा पूल होता. पावसाळ्यात तो पाण्याखाली गेला की गाडी अलीकडच्या काठावर उभी राही आणि प्रवासी तिच्यातच रात्र काढीत. अशा किती रात्री भाऊजींनी स्टेअरिंगवर डोके टेकून काढल्या, त्याचा हिशेब एकट्या ताईला माहीत आहे.

सहा वर्षांमागे त्यांना काचबिंदू झाला. हा आजार मोठा कावेबाज आहे. तो पुष्कळदा कडांपासून सुरू होतो. समोरचे दिसत राहते, बाजूचे हळूहळू पुसले जाते. जणू चित्राभोवतीची चौकट कोणी रोज एक सूत आत सरकवीत आहे. समोरून येणारा ट्रक दिसतो, पण झुडपातून रस्त्यावर येणारे गुरू दिसत नाही. औषधाने आजार थांबवता येतो, गेलेले परत आणता येत नाही. भाऊजींना आगारात हलके काम मिळाले आणि पुढे ते निवृत्त झाले. त्या दिवसापासून त्यांनी स्टेअरिंगला हात लावला नाही, आणि त्याविषयी कधी एक शब्दही काढला नाही.

चाकाची मागणी ही मुळात चाकाची नव्हतीच. भाच्याला मोटारसायकल पाहिजे होती. सुट्टीत त्याने ऑनलाइन अर्ज भरून देणाऱ्या एका दुकानात काम करून काही पैसे जमवले होते, आणि उरलेले आईने धानाच्या पैशांतून द्यावेत असा त्याचा बेत होता. ताईने साफ नकार दिला. तिच्या अंगणापुढच्या रस्त्याने सुरजागडच्या पहाडातले लोहखनिज घेऊन ट्रक जातात. इकडे चंद्रपूरला कोळशाचे ट्रक. शिवाय पोरगा सतरा वर्षांचा, म्हणजे परवान्याला अजून अवकाश. दोन महिने घरात अबोला चालला. मग एके दिवशी भाच्याने तोडगा काढला. मोटारसायकल नको, तेवढ्याच पैशात हे चाक घेऊन द्या. रस्त्यावर जायलाच नको. ताई फोनवर म्हणाली, "घरात बसून पळवते न? मंग पळव म्हणा किती पळवायची ते." भाऊजींनी पलीकडून एवढेच विचारले, "म्हणजे खोटं चाक?" आणि फोन ताईच्या हाती दिला.

'खोटं चाक' हे दोन शब्द माझ्या मनात घर करून राहिले. मास्तरकीचा धंदाच असा आहे की त्यात खोट्यावाचून पान हलत नाही. आम्ही फळ्यावर खोटे डोंगर काढतो, खोट्या दुकानात खोटे पैसे देऊन मुलांना बेरीज-वजाबाकी शिकवतो. आमच्या झाडीपट्टीत दिवाळी झाली की नाटकांचे दिवस सुरू होतात. वडशाच्या कंपन्या गावोगाव जातात आणि होळीपर्यंत रात्र रात्र नाटके चालतात. मंचावर रोज कोणी मरतो आणि सकाळी चहा पिताना दिसतो. म्हणून त्या नाटकात रडलेले गाव खोटे रडले, असे कोणी म्हणेल काय?

पुढे वाचताना मला एक गोष्ट सापडली, ती भाऊजींना मुद्दाम सांगितली. अमेरिकेत एडविन लिंक नावाचा एक तरुण होता. त्याच्या वडिलांचा ऑर्गन, म्हणजे आपल्या पेटीची मोठी विलायती बहीण, बनवण्याचा कारखाना होता. या पोराला विमानाचा नाद. शिकायला पैसे फार लागत. तेव्हा त्याने कारखान्यातले भाते आणि हवेच्या झडपा घेऊन १९२९ साली एक छोटे लाकडी विमान बनवले. ते जमिनीवरच असे, पण दांडा ओढला की भात्यांच्या जोरावर खऱ्या विमानासारखे कलत-डोलत असे. लोकांना तो जत्रेतला पाळणा वाटला. मग १९३४ साली अमेरिकेच्या लष्करी वैमानिकांवर टपाल वाहण्याचे काम आले आणि धुक्यात, अंधारात केवळ यंत्रांवर नजर ठेवून उडण्याचा सराव नसल्यामुळे काही आठवड्यांतच त्यांतले कितीतरी मेले. तेव्हा लष्कराने त्या 'पाळण्यांतले' सहा विकत घेतले. पुढच्या महायुद्धात लाखो उमेदवारांनी आपली पहिली चूक त्यात बसून केली आणि जिवंत बाहेर आले. भाऊजी ऐकून घेत म्हणाले, "पेटीच्या भात्यावर इमान? बरं हाय." त्यांच्या भाषेत ही मोठीच दाद होती.

शर्यतीचा म्हणाल तर तिचे आम्हाला वावडे नाही. आमच्याकडे शंकरपट आहे. धुरकरी कासरा हाती धरून हलक्या गाडीवर उभा राहतो आणि जोडी सुटली की बघणाऱ्यांचा श्वास अडकतो. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पट बंद पडले, डिसेंबर २०२१ मध्ये त्यांना परत वाट मिळाली आणि मे २०२३ च्या निकालाने ती पक्की झाली. त्या सात-आठ वर्षांत बैल म्हातारे झाले आणि धुरकऱ्यांची एक पिढी सरावावाचून राहिली. शर्यत हा नुसता वेगाचा खेळ असता तर तिला सराव लागता ना. वेग बैलाचा असतो. माणसाचे असते ते त्याला सरळ ठेवणे.

आता निवडीकडे वळतो.

भाच्याने मला प्रथम हे पटवले की या चाकाचे मर्म त्याच्या फिरण्यात नाही, त्याच्या विरोधात आहे. नुसते फिरणारे चाक जत्रेत पन्नास रुपयांना मिळते. या चाकाच्या पोटात मोटर असते. पडद्यावरच्या गाडीची पुढची चाके रस्त्यावर कशी टेकली आहेत, किती वळली आहेत, कुठे खड्डा आहे, याचा हिशेब संगणक सतत करीत असतो. भाच्याच्या खेळात तो सेकंदाला ३३३ वेळा होतो. त्या हिशेबाप्रमाणे मोटर तुमच्या हाताला ओढते, ढकलते, थरथरवते. रस्ता पडद्यावर दिसतो खरा, पण कळतो तो तळहाताला.

ही मोटरची ओढ हातापर्यंत आणण्याच्या तीन तऱ्हा आहेत. पहिली दात्यांची. रसवंतीच्या चरकात जशी चाके एकमेकांत दात घालून फिरतात, तशी. ही स्वस्त आणि टिकाऊ. पण कटकट असा आवाज करते आणि बारीक थरथर दातांतच हरवते. लॉजिटेकचे २०१५ साली आलेले जी-२९ हे या जातीचे. दुसरी तऱ्हा पट्ट्याची, आपल्या धानाच्या गिरणीसारखी. आवाज कमी, फिरणे मऊ. थ्रस्टमास्टरचे टी-३०० असे चालते. तिसरी तऱ्हा अशी की मधले काही ठेवायचेच नाही, चाक थेट मोटरच्या आसावर बसवायचे. पूर्वी ही चैन धंदेवाईक शर्यतपटूंनाच परवडे. २०२१ साली फॅनाटेकने लहान यंत्र काढले, पाठोपाठ मोझा या चिनी कंपनीने काढले आणि ती मध्यम घरांच्या आवाक्यात आली, म्हणजे थोडे अंग ताणले तर.

भाच्याचा जीव अर्थातच तिसऱ्या तऱ्हेवर. तिची ताकद पाच न्यूटन-मीटर, आणि पहिलीची दोनच्या थोडी वर, असे तो मला पुन्हा पुन्हा सांगे. हे माप माझ्या डोक्यात शिरेना, तेव्हा मी त्याला चित्र काढायला लावले. चाकाच्या मध्यापासून कडेपर्यंत साधारण १४ सेंटीमीटर. तेवढ्या अंतरावर दोन न्यूटन-मीटर म्हणजे चाकाच्या कडेला दीड किलोची पिशवी टांगावी तेवढी ओढ; पाच म्हणजे साडेतीन किलोंची पिशवी. पिशव्या काढल्यावर मला ते कळले, आणि भाच्यालाही ते प्रथमच दिसले असावे, कारण तो थोडा वेळ गप्प बसला.

चाकाबरोबर पायातले येते. खरी मेख तिथे आहे. स्वस्त पेडल पाय किती खाली गेला ते मोजते. महागातले पेडल पायाने किती जोर दिला ते मोजते. रेशनच्या दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यात भार मोजणारा जो धातूचा तुकडा असतो, तसाच तुकडा या ब्रेकखाली बसवलेला असतो. मोटारीचा ब्रेक तेलाच्या दाबावर चालतो आणि तिथे पायाचा जोरच बोलतो, म्हणून हे अधिक खरे. मधला मार्ग जी-२९ चा. त्याच्या ब्रेकमागे रबराचा ठोकळा आहे, त्यामुळे पाय अर्ध्यात गेला की पेडल घट्ट होते आणि जोराचा थोडाफार अंदाज येतो.

मग पत्रिका. कोणते चाक कोणत्या यंत्राशी जुळते ते पाहावे लागते. जी-२९ प्लेस्टेशनशी आणि संगणकाशी नांदते, एक्सबॉक्सशी तिचे पटत नाही. त्यासाठी तिची जुळी बहीण जी-९२० आहे. आमच्याकडे साधा संगणक, तेव्हा छत्तीस गुण जुळले. आणखी एक खर्च दुकानदार सांगत नाहीत, तो टेबलाचा. हे चाक टेबलाला पकडीने आवळावे लागते, आणि पातळ फळीचे टेबल पहिल्याच वळणाला नाचू लागते. चाक जितके ताकदवान तितके टेबल भक्कम हवे. पेडल फरशीवर मागे सरकतात, त्यांना भिंतीचा आधार द्यावा लागतो. आणि चाके असलेली खुर्ची तर मुळीच चालत नाही. ब्रेक दाबला की गाडीऐवजी आपणच मागे जातो. चाकाच्या खेळात खुर्चीला चाके नसावीत, एवढे ज्ञान मी माझ्या बळावर मिळवले.

पैसे तीस हजारांच्या आत होते. थेट मोटरचे यंत्र घेतले तर सगळे त्यातच संपत आणि टेबल, पाय सगळे उसने राहत. भाचा म्हणे, "मामा, आता तकतीचं घेऊ, बाकीचं मंग पाहू." मी म्हणे, आधी बैठक. असा आमचा आठवडाभर वाद चालला होता तोच भाऊजी डोळ्यांच्या तपासणीसाठी चंद्रपूरला आले.

रात्री जेवणे झाल्यावर भाच्याने बापापुढे दोन्ही चाकांची चित्रे ठेवली. भाऊजींनी चष्मा सरसावून, मान डावी-उजवी फिरवून ती पाहिली. हल्ली कोणतीही मोठी गोष्ट पाहायची तर त्यांना मान फिरवावी लागते. मग त्यांनी पाच न्यूटन-मीटरच्या चित्राखाली बोट ठेवले.

"याले क्लच कोठी हाय?"

"त्याला दोनच पेडल येतात, बाबा. शर्यतीच्या गाड्यांना क्लच नाही लागत. बोटानं गिअर पडतो."

"मंग डावा पाय काय करते?"

भाचा म्हणाला, डाव्या पायाने ब्रेक मारतात. भाऊजी हसले. सव्वीस वर्षे ज्याच्या डाव्या पायाने घाट चढवले आणि उतरवले, त्याला ही थट्टाच वाटली असावी. ते मला म्हणाले, "मास्तर, गाडी पळवाले काई नाई लागत जी. थांबवाले लागते. न् थांबलेली गाडी परत उचलाले लागते, चढावर, साठ माणसं घेऊन. तीन पायाचं घ्या. पहिलं हाय न? पहिल्यावर सारंच शिकाव. बाकीचं मंग पोरगा आपल्या पैशानं घेईन."

जी-२९ ला क्लच धरून तीन पेडल येतात. निर्णय झाला. टेबलाचा प्रश्न मी सोडवला. माझे ड्रॉइंगचे जुने सागवानी टेबल, ज्यावर मी पंधरा वर्षे कादंबऱ्या लिहिल्या, ते मी भाच्याच्या खोलीत दिले. हल्ली मी स्वयंपाकघरात लिहितो. तिथे फोडणीचा वास येतो, पण टेबल हलत नाही एवढे मात्र ऐकू येते, आणि बरे वाटते.

चाक आले. भाऊजींची दुसरी तपासणी पंधरवड्याने होती, त्या वेळी ते पुन्हा आले आणि खोलीच्या दारात पाठीमागे हात बांधून उभे राहिले. भाचा त्या वेळी जर्मनीत होता. तिकडे आयफेलच्या रानातून १९२७ साली बांधलेला नुर्बुर्गरिंग नावाचा एक शर्यतीचा रस्ता आहे. एक फेरी २०.८ किलोमीटरांची, सत्तराहून अधिक वळणे, दोन्ही बाजूंनी दाट झाडी, आणि चढ-उतार इतके की पुढचा रस्ता कित्येकदा दिसतच नाही. त्याला 'हिरवा नरक' म्हणतात. १९७६ साली निकी लाउडा या ऑस्ट्रियन शर्यतपटूची मोटार इथे पेटली आणि त्यानंतर फॉर्म्युला वनची शर्यत या लांब रस्त्यावर झाली नाही. तो सारा रस्ता लेझरच्या किरणांनी तंतोतंत मापून खेळात उतरवलेला आहे. आम्हा रानातल्या माणसांना परक्या देशातले रान कळायला वेळ लागत नाही. भाऊजी दोन मिनिटे पाहत राहिले आणि म्हणाले, "हे तं आपल्या भामरागडच्या रोडवानी हाय."

भाचा एका वळणावर दर फेरीला गवतात जात होता. तीनदा गेला. चौथ्या वेळी भाऊजी म्हणाले, "सरक."

ते बसले. त्यांनी आधी बसायची जागा पुढे-मागे केली, तिन्ही पेडल एकेकदा दाबून पाहिले, चाक या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवले. ते अडीच फेरे फिरते. "एवढंच?" म्हणाले. एस.टी.चे चाक याच्या जवळजवळ दुप्पट मोठे आणि कितीतरी अधिक फिरणारे. मग त्यांनी गाडी उचलली. भाच्याच्या अर्ध्या वेगानेही ते जात नव्हते. मी भाच्याकडे पाहिले. तो हसू दाबून उभा होता.

ते वळण आले. पडद्यावर मला काहीच वेगळे दिसले नाही, गाडी सरळ वळत होती. पण भाऊजींनी एकदम पाय काढला, चाक वळवले होते ते किंचित सोडले, आणि गाडी रस्त्यावरच राहिली. पुढे जाऊन त्यांनी ती कडेला उभी केली. उजव्या कडेला, कारण जर्मनीत उजवीकडून चालतात हे त्यांनी तेवढ्यात हेरले होते.

"हलकं झालं," ते म्हणाले.

"काय?"

"चाक. हातात हलकं झालं. पाण्यापावसात मुरमावर पुढची चाकं तरंगली का अस्संच होते. हलकं लागलं का समजाव का आता गाडी आपली नाई. तवा अजून वळवाचं नाई, सोडाचं. तू तेच करत नाई. तू अजून वळवते."

भाचा माझ्याकडे पाहू लागला. जो नियम त्याने परक्या मुलखातल्या शर्यतपटूंच्या चित्रफितींत दहादा ऐकला होता, की टायरची पकड सुटू लागली की चाकातला विरोध कमी होतो आणि तेव्हा आणखी वळवणे व्यर्थ असते, तो नियम त्याच्या घरात सव्वीस वर्षे जेवायला बसत होता. मला मात्र दुसरीच गोष्ट जाणवली. पडद्यावर बाजूचे कोणालाच दिसत नाही. त्या चौकटीपुढे बसले की तरुणालाही तेवढेच दिसते जेवढे भाऊजींना. त्या खोलीत, त्या एका खेळात, त्यांचे काहीही कमी पडत नव्हते.

त्या रात्री बाप-लेक दीड वाजेपर्यंत जागे होते. ताईने फोनवर मला विचारले, "झोपले का दोघं?" मी खरे ते सांगितले. ती काही बोलली नाही, पण फोन लवकर ठेवलाही नाही.

दुसऱ्या दिवशी चहा घेताना भाऊजी आपण होऊन बोलू लागले. १ जानेवारी २०२५ रोजी एटापल्ली तालुक्यातल्या गट्टा-गर्देवाडा-वांगेतुरी या ३२ किलोमीटरांच्या रस्त्यावर एस.टी. प्रथमच धावली. १ जून १९४८ रोजी पुण्याहून त्या वेळच्या अहमदनगरला पहिली एस.टी. निघाली होती, तिथून वांगेतुरीला पोचायला तिला साडेशहात्तर वर्षे लागली. बस आली तेव्हा गावकऱ्यांनी नाचून तिचे स्वागत केले. भाऊजी म्हणाले, "त्या रोडवर गाडी न्याची राहून गेली, मास्तर. आमच्या टाइमाले रोडच नोहता." एवढेच बोलून ते कप विसळायला उठले. सहा वर्षांत स्टेअरिंगविषयी ते माझ्यापाशी बोलले, ते हे पहिले वाक्य.

खेळातून खरे शर्यतपटू निघतात असे भाचा सांगतो, आणि ते खोटे नाही. जान मार्डनबरो नावाचा ब्रिटिश तरुण २०११ साली 'ग्रॅन टुरिस्मो' या खेळाची स्पर्धा जिंकून खऱ्या मोटारीत बसला आणि दोन वर्षांनी फ्रान्समधल्या ल मॅन्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत आपल्या वर्गात तिसरा आला. भाच्याचे तसे होईल असे मला वाटत नाही, आणि त्यालाही वाटत नसावे. ज्या मुलांचे तसे होत नाही, त्यांच्यासाठीही पहिल्या चाकाचा काही उपयोग असतो, एवढाच माझा मुद्दा.

मला हे पहिले चाक पाटीसारखे वाटते. पाटीवर चुकलेले पुसता येते, म्हणून तिच्यावर शिकायचे. पण पाटी चूक लपवीत मात्र नाही, अक्षर वाकडे आले तर वाकडेच दाखवते. पहिल्या चाकाकडूनही एवढीच अपेक्षा करावी. ते फार ताकदवान नसले तरी चालेल. त्याने हाताला खरे सांगावे. त्याला पाय पूर्ण असावेत, त्याखाली न हलणारे टेबल असावे. ज्यात चुकण्याची किंमत गवतात जाण्यापलीकडे नाही अशा ठिकाणी मुलाने पुष्कळ चुकून घ्यावे, म्हणजे जिथे ती किंमत फार मोठी आहे त्या रस्त्यावर त्याचे हात आधीच शहाणे झालेले असतील. मात्र पाटीवर अक्षर सुंदर आले म्हणून कोणी लगेच दस्तऐवज लिहायला बसत नाही. पडद्यावरच्या रस्त्यावर गुरे नाहीत, शाळेतून सुटलेली पोरे नाहीत, समोरून खनिजाचा ट्रक येत नाही. हा फरक मुलाला चाक सांगणार नाही. तो घरातल्या माणसाने सांगावा लागतो.

येत्या माघात भाच्याला अठरा पूर्ण होतील. परवान्याचा अर्ज तो स्वतःच भरणार आहे, त्याला त्याची सवय आहे. भाऊजींनी त्याला कळवून ठेवले आहे की परवाना निघाल्यावर पहिल्या दिवशी गाडी सुरूच करायची नाही. आधी चारी टायर हाताने तपासायचे, ब्रेक दाबून पाहायचा, काच पुसायची आणि मग बाजूच्या आसनावर बाप बसेपर्यंत थांबायचे. डावीकडचे बाप सांगणार नाही, कारण ते त्याला दिसत नाही. पण चाक हलके झाले तर ते त्याला मुलाच्या चेहऱ्यावरून कळेल, असे तो म्हणतो. वांगेतुरीचा रस्ता दोघांनी मिळून पाहायचा बेत आहे. मला मागच्या आसनावर जागा राखून ठेवली आहे.